उंचीचा निकाल पहिल्या हजार दिवसांत

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराची उंची किमान 165 सेंटीमीटर लागते आणि महिला उमेदवाराची 155. राज्य राखीव पोलीस दलासाठी पुरुषांना 168 सेंटीमीटरची अट आहे, आणि या दलाचा गट क्रमांक 6 धुळ्यातच आहे. जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, शिरपूर इथल्या मैदानांवर पहाटे सराव करणाऱ्या मुलामुलींना हे आकडे तोंडपाठ असतात. सरावाने धावण्याची वेळ कमी होते, गोळा लांब जातो, अभ्यासाने लेखी परीक्षेचे गुण वाढतात. उंचीचे तसे होत नाही. एखादे सेंटीमीटर कमी पडले म्हणून कितीतरी मुले पहिल्याच टप्प्यावर अपात्र ठरतात आणि पुढच्या भरतीपर्यंत बारला लटकत राहतात, उंची वाढवण्याच्या पावडरी विकत घेतात.

विज्ञान याबाबत स्पष्ट आहे. हात-पायांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे पातळ थर असतात. तिथल्या पेशी वाढतात, त्यांचे हाड बनते आणि माणूस उंच होतो. पौगंडावस्थेच्या अखेरीस संप्रेरकांच्या प्रभावाने हे थर पूर्णपणे हाडात रूपांतरित होतात आणि वाढ थांबते. त्यानंतर कोणतीही पावडर किंवा व्यायाम हाड लांबवू शकत नाही. लटकल्यावर उंची वाढल्यासारखी वाटते, ती मणक्यांमधल्या चकत्या थोडा वेळ मोकळ्या झाल्यामुळे. रात्रभर आडवे झोपल्यावरही सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो आणि दिवसभरात तेवढे पुन्हा कमी होतो.

मग ही उंची ठरते कधी आणि कशावर? उत्तर शोधताना खानदेशातून थेट जगाच्या नकाशावर जावे लागते.

नेदरलँड्स ते तिमोर

जगभरच्या शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने 2016 मध्ये 200 देशांतील लोकांच्या उंचीचा शंभर वर्षांचा आलेख मांडला. त्यानुसार 1996 साली जन्मलेल्या पुरुषांत नेदरलँड्सचे पुरुष सर्वांत उंच निघाले. त्यांची सरासरी होती सुमारे 182.5 सेंटीमीटर. सर्वांत कमी सरासरी पूर्व तिमोरची, सुमारे 160. एकाच काळात जन्मलेल्या पुरुषांत 22 सेंटीमीटरहून जास्त फरक. भारतीय पुरुषाची सरासरी होती 165 सेंटीमीटरच्या आसपास, तर भारतीय स्त्रीची सुमारे 153. याच गटाने 2020 मध्ये एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी काढलेले अंदाज थोडे वर आहेत: मुलगे 166.5, मुली 155.2.

हे आकडे भरतीच्या अटींशेजारी ठेवून पाहा. ज्या उंचीला आपण ‘किमान’ म्हणतो, ती जवळजवळ देशाची सरासरीच आहे. मैदानावर उंचीत बाद होणारा मुलगा काही अपवादाने बुटका नसतो. तो देशातल्या सर्वसाधारण मुलासारखाच असतो.

‘डच लोकांचा वंशच उंच, आपला वंशच ठेंगणा’ असे आपण सहज म्हणून जातो. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डच सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांची सरासरी उंची सुमारे 165 सेंटीमीटर होती, म्हणजे आजच्या भारतीय पुरुषाएवढी. दीडशे वर्षांत एखाद्या समाजाची जनुके एवढी बदलत नाहीत. तिथे बदलले ते पिण्याचे पाणी, सांडपाण्याची व्यवस्था, दूध-मांस-अंड्यांचा आहार, बाळंतपणाची काळजी आणि गरीब-श्रीमंतांतले अंतर.

जपानमध्ये शाळकरी मुलांच्या उंचीच्या नोंदी विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठेवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे शाळेतल्या जेवणाची योजना देशभर रुजली, 1954 मध्ये तिचा कायदा झाला आणि अर्ध्या शतकात सतरा वर्षांच्या मुलांची सरासरी उंची सुमारे 10 सेंटीमीटरने वाढली. दक्षिण कोरियाच्या स्त्रिया शंभर वर्षांत सुमारे 20 सेंटीमीटरने आणि इराणचे पुरुष सुमारे साडेसोळा सेंटीमीटरने उंच झाले. कोरियाच्या फाळणीनंतर उत्तरेत वाढलेले पुरुष दक्षिणेतल्या आपल्याच भाऊबंदांपेक्षा काही सेंटीमीटरने ठेंगणे राहिले. अमेरिकेचे पुरुष शतकाच्या आरंभी जगात तिसरे होते, ते 37व्या क्रमांकावर घसरले. या शंभर वर्षांत भारतीय पुरुषांची उंची वाढली जेमतेम 3 सेंटीमीटर आणि स्त्रियांची सुमारे 5.

जनुके की जेवण?

दोन्ही, पण त्यांचे काम वेगवेगळे आहे. 2022 मध्ये सुमारे 54 लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि उंचीशी निगडित असे 12,111 जनुकीय फरक त्यात सापडले. पोटभर खाऊन वाढलेल्या समाजात दोन व्यक्तींच्या उंचीतला बहुतेक फरक जनुकांचा असतो, कारण तिथे आहारात फारसा फरक उरलेला नसतो. दोन देशांच्या सरासरीतले अंतर समजून घ्यायचे तर आधी तिथल्या मुलांचे बालपण कसे गेले हे पाहावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांची वाढ मोजली. भारतातली मुले दक्षिण दिल्लीतली होती. निवड करताना मुख्यतः पाहिले ते हे, की घरची परिस्थिती बरी असावी, बाळाला आईचे दूध मिळावे आणि आई धूम्रपान करणारी नसावी. पाच वर्षांपर्यंत या सहाही देशांतल्या मुलांची उंची जवळपास सारखी वाढली. नॉर्वेचे बाळ आणि दिल्लीचे बाळ नीट पोसले गेले तर आरंभीची वाट एकच असते.

आपल्याकडे हा विचार कसा पुढे सरकला, हेही पाहण्यासारखे आहे. 1951 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रातील मानवी मोजमापांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी अशी मोजमापे मुख्यतः मानवसमूहांमधले साम्य-भेद शोधण्यासाठी घेतली जात. याच दांडेकरांनी वीस वर्षांनी, 1971 मध्ये, नीलकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्याचा गाजलेला अभ्यास लिहिला. त्यात दारिद्र्याची रेषा आखली ती माणसाच्या पोटात रोज किती उष्मांक जातात यावरून. शरीराच्या मापाकडून ताटातल्या अन्नाकडे झालेला हा प्रवास आज उंचीच्या विज्ञानाचाही आहे.

एक हजार दिवस

जन्मतः बाळ साधारण 50 सेंटीमीटर असते. पहिल्या वर्षात ते सुमारे 25 सेंटीमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात 12च्या आसपास. त्यानंतर वयात येईपर्यंत वाढीचा वेग वर्षाला पाच-सहा सेंटीमीटरवर येतो. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हे सुमारे हजार दिवस सर्वांत वेगवान वाढीचे असतात, आणि म्हणूनच त्या काळातली उपासमार सर्वांत महागात पडते.

रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे वेगळे समजवावे लागणार नाही. घडाला किती फण्या लागणार हे केळी निसवण्याच्या बऱ्याच आधी, खोडाच्या आतच ठरते. त्या वेळी उपाशी राहिलेल्या झाडाला नंतर कितीही खत घाला, फण्यांची संख्या वाढत नाही.

या काळात दोन गोष्टी वाढ अडवतात: निकस आहार आणि वारंवारचे आजार. हाड आणि स्नायू घडवायला प्रथिने, जस्त, लोह, जीवनसत्त्वे लागतात. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर बाळाला नुसते वरणाचे पाणी किंवा बिस्किट मिळाले, तर पोट भरते पण बांधणीचे सामान मिळत नाही. दूषित पाण्याने वारंवार जुलाब झाले की आतड्याचे अस्तर सुजते, खाल्लेले अंगी लागत नाही, आणि असलेली शक्ती रोगाशी लढण्यात खर्च होते. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण 87 सेंटीमीटर हवी. ती 81च्या खाली असेल तर त्याची वाढ खुंटली आहे असे समजतात. वजन काही महिन्यांत भरून काढता येते. या वयात हुकलेली उंची पुढे क्वचितच पूर्ण भरून येते.

आईच्या ताटातला प्रश्न

हजार दिवसांतले पहिले नऊ महिने आईच्या पोटातले. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून जवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास होते, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे सुमारे साडेतीन किलो. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली.

देशपातळीवरचे चित्र याहून बोचरे आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार गर्भारपणाच्या सुरुवातीला भारतातील सुमारे 42 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते. आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालच्या देशांत हेच प्रमाण सुमारे 16.5 टक्के होते. त्यातले बरेच देश आपल्यापेक्षा गरीब आहेत, तरी तिथली मुले आपल्या मुलांपेक्षा उंच असतात. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवले की भारतातले पहिले अपत्य आफ्रिकेतल्या पहिल्या अपत्यापेक्षा ठेंगणे नसते. घसरण सुरू होते दुसऱ्या अपत्यापासून आणि पुढे वाढत जाते. थोरल्या मुलाला मिळणारे झुकते माप हे त्यांच्या मते एक मोठे कारण आहे. घरातल्या सुनेने सर्वांत शेवटी जेवायचे, मुलीच्या वाट्याला उरलेले यायचे, या आपल्या सवयींचे माप मुलांच्या हाडांत उतरते.

सातपुड्याच्या पायथ्याशी

आता घराकडे वळू. 2019-21च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण 34.4 टक्के होते. म्हणजे मधल्या काळात सुधारणा झालीच नाही. 1 जुलै 1998 पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेल्या नंदुरबारमध्ये हे प्रमाण सुमारे 46 टक्के होते. धुळे जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी चौघींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. राज्याची सरासरी 21.9 टक्के होती. ज्या मुलीचे स्वतःचे शरीर अजून घडते आहे, तिच्याच वाट्याच्या अन्नावर पोटातले बाळ वाढायचे असते. अशा आईचे बाळ लहान जन्मते, लहान बाळाची पुढे ठेंगणी आई होते, आणि उणीव पुढच्या पिढीकडे जाते.

हे चक्र तुटू शकते, हे महाराष्ट्रानेच दाखवले आहे. 2005 मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले आणि सारे लक्ष हजार दिवसांवर दिले. 2005-06 मध्ये दोन वर्षांखालील 39 टक्के मुले खुंटलेली होती. 2012च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांवर आलेले दिसले. पुढे तो जोर टिकला नाही, हे वरच्या आकड्यांवरून उघड आहे.

खानदेशात पोषणाच्या सामग्रीची वानवा नाही. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकर हे त्याचे चांगले उदाहरण. धान्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो कडधान्य पुरवते. सोबत शेंगदाणे, पालेभाजी, दूध किंवा अंडे असेल तर गर्भवतीचे ताट पुरे होते. आदिवासी भागासाठी 2015 मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गर्भवती व स्तनदा मातांना दिवसातून एक चौरस गरम जेवण मिळते. बालकांना अंडी, आणि अंडी न खाणाऱ्यांना केळी देण्याची तरतूद पुढे त्यात आली. सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यांवर हे जेवण रोज, वेळेवर आणि पुरेसे पोहोचते की नाही, यावर पुढच्या पिढीची उंची ठरणार आहे.

उंच माणूस श्रेष्ठ आणि ठेंगणा कमी, असा याचा अर्थ मुळीच नाही. एका व्यक्तीची उंची बरीचशी तिच्या आई-वडिलांकडून आलेली असते आणि तिने कुणाची मान उंचावत नाही की झुकत नाही. पण समाजाची सरासरी उंची हा त्या समाजाने आपल्या बायका-मुलांना कसे वागवले याचा पुरावा असतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या अंगणवाडीत बाळाच्या वजनाबरोबर उंचीही दर महिन्याला मोजली जाते का, हे जाऊन विचारा आणि ती नोंद पाहायला मागा. ग्रामसभेत पाणी आणि शौचालयाइतकाच पोषण आहाराचा विषय लावून धरा. घरातल्या गर्भवतीला सर्वांच्या आधी आणि पोटभर जेवू घाला. मुलीचे लग्न अठरा पूर्ण झाल्याशिवाय होऊ देऊ नका आणि तिच्या ताटात भावाइतकेच दूध वाढा. यातल्या एकाही गोष्टीसाठी नव्या संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही.