शाळेखालची माती

वऱ्हाडातल्या जुन्या माणसाला जमिनीचे दोन रंग पाठ असतात. काळी शेताची, पांढरी गावाची. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडं, खापरं असं पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक साचत गेलं की वस्तीखालची जमीन पांढुरकी होते आणि गाव हळूहळू टेकाडावर चढतं. तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठचं कौंडण्यपूर हे अशा पांढरीचं ठळक उदाहरण. रुक्मिणीचं माहेर म्हणून हे गाव सगळ्यांना ठाऊक आहे, तिची पालखी इथूनच पंढरपूरला जाते. 1960 च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी इथली टेकाडं खणली, तेव्हा सातवाहन काळ आणि त्याही मागच्या वस्तीचे थर उलगडत गेले. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी काय जाळलं, काय फेकलं, हे त्या थरांवरून सांगता आलं. पुरातत्त्वज्ञ जमीन वरून खाली वाचत जातो: कोणता थर मूळचा, कोणता माणसानं आणून टाकलेला, त्यात काय मिसळलंय. शाळेसाठी जागा निवडतानाही जमीन अशीच वाचायला हवी, आणि नेमकं तेच आपल्याकडे होत नाही.

शाळेला जागा कोणती मिळते, ते पाहा. कसदार जमीन कुणी देत नाही. मग ई-क्लासची, म्हणजे सरकारी पडीक जमीन पुढे येते, गावाबाहेरचा उकिरडा सपाट करून घेतला जातो, बंद पडलेल्या जिनाचं आवार किंवा खतं-कीटकनाशकांच्या जुन्या गोदामामागचा तुकडा सुचवला जातो. खोलगट जागा असेल तर कुठून तरी भर आणून टाकतात. अशा वेळी गावातली चार माणसं उठून म्हणतात की इथे शाळा नको, इथे अमुक पुरलेलं होतं. त्यांना लगेच विकासाचे विरोधक ठरवलं जातं. माझ्या मते अशा वेळी ती चार माणसं गावाला फुकटात विज्ञान पुरवत असतात. कोणत्याही दूषित जागेच्या तपासणीची पहिली पायरी प्रयोगशाळेत नसते. त्या जागेवर पूर्वी काय चालायचं याचा इतिहास गोळा करणं, ही ती पायरी. तो इतिहास सातबाऱ्यावर सापडत नाही, गावातल्या माणसांच्या आठवणीत सापडतो.

ही पायरी गाळली की काय होतं, हे अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरानं जगाला दाखवलं. विल्यम लव्ह नावाच्या माणसानं 1890 च्या दशकात तिथे एक कालवा खोदायला घेतला आणि तो अर्धवट सोडला. 1942 ते 1953 या काळात हूकर केमिकल कंपनीनं त्या खड्ड्यात सुमारे 20 हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि वर चिकणमाती लोटली. 1953 मध्ये ती जमीन कंपनीनं शहराच्या शिक्षण मंडळाला एका डॉलरला दिली. खाली रसायनं आहेत, हे खरेदीखतातच लिहिलेलं होतं. पुढे काही झालं तर कंपनी जबाबदार नाही, असंही त्यातच होतं. शाळेचं बांधकाम सुरू असताना रसायनांची पिंपं असलेले खड्डे लागले. इमारत थोडी बाजूला सरकवण्यात आली, बालवाडीचं मैदानही हलवण्यात आलं, आणि 1955 मध्ये शाळा भरली. भोवती घरं झाली. रस्ते आणि सांडपाण्याच्या वाहिन्या टाकताना चिकणमातीच्या भिंती फोडल्या गेल्या. सत्तरच्या दशकात भरपूर पाऊस आणि बर्फ पडलं, भूजल वर चढलं आणि तळघरांतून काळं, उग्र वासाचं पाणी पाझरू लागलं.

लॉइस गिब्ज या गृहिणीचा मुलगा त्याच शाळेत होता. तो सतत आजारी पडू लागला म्हणून तिनं त्याला दुसऱ्या शाळेत घालण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. मग ती घरोघर फिरली, सह्या गोळा केल्या, कुणाच्या घरात कोणता आजार आहे ते नकाशावर टिपलं. बेव्हर्ली पेगन या कर्करोगतज्ज्ञ शास्त्रज्ञानं तिला मदत केली. नकाशावर एक आकृती दिसू लागली. जुने ओढे बुजवून जिथे घरं बांधली होती, त्या ओढ्यांच्या रेषेवर तक्रारी जास्त होत्या. ओढा बुजवला तरी त्याच्या तळाची पाझरू जमीन खालून पाण्याला वाट देतच राहते. सरकारी अधिकाऱ्यांनी आधी ही बायकांनी जमवलेली माहिती म्हणून झटकून टाकली. 2 ऑगस्ट 1978 रोजी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली, शाळा उघडू नये असं सांगितलं आणि गर्भवती स्त्रिया व दोन वर्षांखालच्या मुलांना तिथून हलवायची शिफारस केली. पाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीही आणीबाणी घोषित केली. रहिवाशांची प्रत्येक शंका नंतर सिद्ध झाली, असं नाही. कर्करोगाबाबत वाद राहिला. पण त्या ओढ्यांच्या पट्ट्यात जन्मलेल्या बाळांची वजनं कमी होती, हे राज्याच्या आरोग्य खात्याच्या संशोधनातच दिसलं.

या गोष्टीचा वऱ्हाडाशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. त्या कालव्यात पुरलेल्या कचऱ्याचा मोठा हिस्सा लिंडेन तयार करताना उरलेल्या चोथ्याचा होता. लिंडेन हा बीएचसीचाच एक घटक, आणि बीएचसी पावडर आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांनी पोत्यांनी धुरळली आहे. बीएचसीमध्ये कीड मारणारा घटक जेमतेम दहा-पंधरा टक्के असतो, बाकीचा भाग त्याचेच निरुपयोगी भाऊबंद, पण मातीत टिकून राहण्यात तेही पटाईत. भारतात बीएचसीवर 1997 मध्ये बंदी आली. डीडीटीचा शेतीतला वापर त्याआधीच, 1989 मध्ये थांबवला गेला. एंडोसल्फानला 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चाप लावला. शेतात पसरलेली पावडर पातळ होते, ऊन-पाणी-जंतू तिच्यावर काम करतात. खरी काळजी आहे ती जिथे पोती फुटली, जिथे मुदत संपलेला माल खड्डा करून पुरला, जिथे वर्षानुवर्षं फवारणीचे पंप धुतले, अशा जागांची. कापसाच्या मुलखात अशा जागा गावोगाव असणार, आणि त्या कुठे आहेत ते तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर कळतं.

शेतजमिनीवर शाळा बांधताना काय घडू शकतं, हे अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यात दिसलं. डीडीटी येण्याआधी तिथल्या सफरचंदांच्या बागांवर लेड आर्सेनेट, म्हणजे शिसं आणि आर्सेनिक यांचं संयुग फवारत. बागा गेल्या, त्या जागी शाळा आल्या. शिसं आणि आर्सेनिक ही मूलद्रव्यं आहेत, त्यांचं विघटन होतच नाही. फवारणी थांबून अर्धशतक उलटलं तरी ती वरच्या फूटभर मातीतच होती. राज्याच्या पर्यावरण खात्याला अनेक शाळांच्या मैदानांची माती स्वच्छ करावी लागली.

मोठ्या माणसांना जी जमीन चालते ती मुलांना का चालत नाही? कारण मूल जमिनीशी वेगळ्या तऱ्हेनं वागतं. ते मातीत बसतं, कबड्डी खेळतं, तोच हात तोंडात घालतं. रोज थोडी माती मुलाच्या पोटात जातेच. धोका मोजणारे शास्त्रज्ञ सावधगिरी म्हणून लहान मुलासाठी दिवसाला 200 मिलिग्रॅमपर्यंत माती धरतात. मातीत किलोमागे 400 मिलिग्रॅम शिसं असेल तर तेवढ्या मातीतून 80 मायक्रोग्रॅम शिसं पोटात जाईल. प्रौढ माणूस गिळलेल्या शिशातला साधारण दहावा हिस्सा शोषून घेतो, लहान मूल निम्म्यापर्यंत. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त, आणि आपल्या मुलांमध्ये लोहाची कमतरता किती आहे हे नव्यानं सांगायला नको. शिशामुळे मेंदूची वाढ खुंटते, शिकण्याची क्षमता घटते, आणि हे नुकसान भरून येत नाही. रक्तात इतकं शिसं असलं तरी निर्धोक, अशी कुठलीही पातळी सापडलेली नाही. युनिसेफच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं निवासी मातीतल्या शिशाची इशारा-पातळी 2024 मध्ये 400 वरून 200 वर आणली. ज्या जागेत मूल रोज शिकायला जातं, तिथेच त्याची शिकण्याची ताकद कमी होणार असेल तर ती शाळा बांधून काय साधलं?

पुण्यातल्या कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोची जागा इथे आठवते. रहिवाशांच्या विरोधानंतर तो डेपो बंद झाला आणि आता तिथे मेट्रोच्या डब्यांचं आगार आहे. त्यासाठी जुना कचरा उपसून त्याची विल्हेवाट लावावी लागली. डब्यांच्या आगारात जमीन काँक्रीटखाली असते, कुणी मूल तिथे गोट्या खेळत नाही. तीच जमीन शाळेला द्यायची तर मोजमाप वेगळं लागलं असतं. कचराभूमीचा दुसरा त्रास वायूचा. मुंबईत मालाडच्या जुन्या कचराभूमीवर उभ्या राहिलेल्या व्यापारी संकुलात संगणक वारंवार बिघडू लागले, कारण खालून येणारे गंधकयुक्त वायू तांब्या-चांदीचे जोड खात होते. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेनही निघतो. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान गेलं की ठिणगी पुरते. इंग्लंडमधल्या लॉस्को गावात 1986 मध्ये अशाच वायूनं एक घर उडवलं होतं. आपली काळी माती यात आणखी गुंतागुंत करते. पावसाळ्यात ती फुगून वाटा बंद करते, उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि त्याच भेगांतून वायू वर येतो, पहिल्या पावसाचं पाणी सरळ खाली उतरतं.

"माती तपासली आहे" हे वाक्य अशा वादात हमखास ऐकू येतं. कोणती तपासणी, हे तिथल्या तिथे विचारायला हवं. शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. त्यात शिसं नाही, आर्सेनिक नाही, कीटकनाशक नाही. बांधकाम अभियंता जी माती तपासतो ती पाया किती वजन पेलेल हे पाहण्यासाठी. दोन्ही अहवाल उत्तम असूनही जागा मुलांसाठी घातक असू शकते. जड धातू आणि कीटकनाशकांचे अवशेष तपासणारी प्रयोगशाळा वेगळी लागते आणि ती मान्यताप्राप्त असावी लागते.

नमुना कसा घेतला, हा प्रश्न तर त्याहून महत्त्वाचा. शेतीसाठी आपण आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून एक नमुना करतो. शितावरून भाताची परीक्षा तिथे चालते, कारण शेत बऱ्यापैकी एकसारखं असतं. पुरलेला कचरा एका कोपऱ्यात असतो. समजा दहा ठिकाणची माती घेतली. नऊ ठिकाणी किलोमागे 20 मिलिग्रॅम शिसं आहे आणि एका ठिकाणी 1000. सगळी एकत्र केली तर अहवालात आकडा येतो 118. जागा पास. आणि त्या एका कोपऱ्यात बालवाडीची घसरगुंडी. म्हणून नमुने वेगवेगळे तपासायचे, गावकरी बोट दाखवतील ती जागा आधी घ्यायची, वरची दोन बोटं माती वेगळी आणि पायाच्या खोलीची वेगळी. पायाच्या खड्ड्यातून निघालेली माती बहुतेक वेळा मैदानावरच पसरतात, तेव्हा खालचं सगळं वर येतं. भर बाहेरून आणली असेल तर ती कुठली, हेही तपासायचं. औष्णिक वीज केंद्राची राख खोलगट जागा भरायला वापरतात, आणि त्या राखेत आर्सेनिक व क्रोमियम कमी-अधिक प्रमाणात असतंच. जवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही याच तपासणीत धरायला हवं.

गावकऱ्यांची भीती दर वेळी खरी ठरेल, असं मी म्हणत नाही. कित्येक उकिरडे केवळ उकिरडेच असतात. शेण, राख, पालापाचोळा यांनी कुणाला विषबाधा होत नाही आणि पांढरीवर माणसं शतकानुशतकं राहत आली आहेत. मुलं पत्र्याखाली किंवा झाडाखाली बसून शिकत असतील तर इमारत लांबणं हेही त्यांचं नुकसानच. दूषित जागाही कायमची बाद होते असं नाही. वरची माती काढून टाकता येते, जाड स्वच्छ थर आणि अडथळ्याचं कापड घालता येतं, वायू असेल तर जमिनीखाली छिद्रांचे नळ घालून तो बाहेर काढता येतो. पण यातलं काय करायचं हे मोजल्याशिवाय ठरत नाही, आणि मोजायचं काम इमारत बांधणाऱ्याचं आहे. जमीन विषारी असल्याचा पुरावा गावानंच आणून द्यावा, ही अपेक्षा उलटी आहे.

कायदाही आता थोडा पुढे सरकला आहे. जुलै 2025 मध्ये केंद्रानं दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेनं किंवा जिल्हा प्रशासनानं द्यायची आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, अशी त्यात तरतूद आहे. निव्वळ घनकचऱ्याचे डेपो आणि खाणकाम वेगळ्या नियमांखाली येतात, म्हणून अर्ज करताना जागेवर रसायनं, कीटकनाशकं किंवा कारखान्याचा कचरा असल्याचा संशय असेल तर तो स्पष्ट लिहायला हवा. शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे, तिच्यात बहुसंख्य पालक असतात. ती समिती ठराव करू शकते, ग्रामसभाही ठराव करू शकते.

तेव्हा तुमच्या गावात शाळेच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन ठरलं असेल तर नारळ फोडण्याआधी ग्रामसभेत तीन गोष्टी मागा आणि इतिवृत्तात लिहून घ्या: त्या जागेचा मागच्या पन्नास वर्षांचा वापर, जड धातू व कीटकनाशकांचा ठिकाणवार अहवाल, आणि भर कुठून आली त्याची पावती. तीनही कागद भिंतीवर लागल्याशिवाय पायाची कुदळ पडू देऊ नका.