पेटीवरचे दोन आकडे

मुलांनो, गेल्या जून महिन्यातली गोष्ट. रानशेतला पहिला मोठा पाऊस पडून गेला होता. शाळेकडे जाताना वाटेतल्या विहिरीपाशी माझा चौथीतला एक विद्यार्थी दिसला. अनवाणी पाय चिखलात, कपडे ओले आणि हात पंपाच्या स्टार्टरच्या पेटीकडे! पेटीचं झाकण सुतळीने कसंबसं बांधलेलं, आत पाणी झिरपलेलं. मी ओरडलेच, "थांब! हात लावू नकोस!"

तो दचकून मागे सरला. मग म्हणाला, "बाई, पंप तर दिवसरात्र विहिरीत बुडालेला असतो. त्याला काही होत नाही. मग या पेटीला काय होणार?"

बघा, प्रश्न किती चांगला! त्याचं उत्तर दोन आकड्यांत आहे.

विजेच्या बऱ्याच वस्तूंवर बारीक अक्षरांत 'आयपी ४४', 'आयपी ६५' असं छापलेलं असतं. हे चव्वेचाळीस किंवा पासष्ट नव्हे हं! हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला सांगतो धुळीचं, दुसरा सांगतो पाण्याचं. जिनिव्हा इथल्या आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने ही पद्धत ठरवली. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही ती स्वीकारली आहे.

पहिला आकडा ० ते ६ असतो. २ असेल तर आपलं बोट आतल्या विजेच्या भागापर्यंत पोचत नाही. ४ असेल तर १ मिलिमीटर जाडीची तारसुद्धा आत जात नाही. ५ म्हणजे थोडी धूळ जाईल, पण काम बिघडण्याइतकी नाही. ६ म्हणजे धुळीला दार पूर्ण बंद! याची परीक्षा कशी घेतात, ठाऊक आहे? वस्तू बंद कपाटात ठेवून तिच्याभोवती चक्क टाल्कम पावडर उडवतात.

दुसरा आकडा ० ते ९ असतो. १ म्हणजे वरून पडणारे थेंब चालतील. ४ म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी चालेल. ५ म्हणजे नळीने मारलेली पाण्याची धार चालेल. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालेल. ८ म्हणजे त्याहून कठीण परीक्षा. किती खोल, किती वेळ, ते बनवणारा सांगतो. आकड्याच्या जागी 'एक्स' असेल, तर त्या बाबतीत काही सांगितलेलं नाही, असं समजायचं.

आता कळलं? पाण्यात बुडणाऱ्या पंपावर बहुधा ६८ असतं. भिंतीवरची किंवा खांबावरची पेटी बुडवण्यासाठी केलेलीच नसते. शिवाय पेटीवर कितीही चांगला आकडा असला, तरी तो झाकण घट्ट लागलेलं आणि कडेची रबरी पट्टी शाबूत असेपर्यंतच खरा. झाकणाला सुतळी बांधली की आकडा नुसता नावाला उरतो! त्यात अंग ओलं असलं, की शरीरातून वीज सहज वाहते. जिवावरच बेततं.

आणखी एक गंमत. आकडा मोठा म्हणजे सगळंच चालेल, असं नाही. ७ आकड्याची वस्तू बुडून टिकेल, पण नळाच्या जोरदार धारेखाली टिकेलच असं नाही. ती परीक्षा वेगळी. या परीक्षा साध्या पाण्याने घेतात. खाऱ्या किंवा साबणाच्या पाण्याने नाही. म्हणून ताईदादांनो, डहाणू-बोर्डीच्या समुद्रात मोबाइल बुडवून बघू नका! ओला मोबाइल चार्जिंगलाही लावू नका.

त्या दिवशी मुलाच्या वडिलांनी मेन स्विच बंद केला आणि वायरमनला बोलावलं. आता नवी पेटी छपराखाली, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर आहे.

आता तुमच्यासाठी एक उपक्रम. आईबाबांना सोबत घेऊन घरातल्या वस्तूंवरचे आकडे शोधा आणि वहीत लिहा. बॅटरी, सौरदिवा, अंगणातला दिवा... पण भिंतीवरच्या पेटीचा आकडा लांबूनच वाचायचा, आणि ओल्या हाताने कशालाच हात लावायचा नाही. ज्या वस्तूवर आकडाच नसेल, तिची जागा कोरड्यातच!