मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका



ऊस कधी तोडावा हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कोवळा तोडला तर उतारा पडत नाही. पण हाच हिशेब घरातली वडीलधारी माणसे डोळ्याला लावतात, तेव्हा घात होतो. "अजून पिकला नाही, पिकू द्या, मग बघू" असे म्हणत दोन-तीन हंगाम निघून जातात. नांदेड-लातूरकडे गावोगावच्या पारावर हे बोलणे आजही कानी पडते. म्हणून मोतीबिंदूविषयी चार गोष्टी येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मोतीबिंदू म्हणजे काय?

डोळ्यावर वरून चढलेला पडदा म्हणजे मोतीबिंदू, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. बाहुलीच्या मागे निसर्गानेच एक स्वच्छ भिंग बसविलेले असते. वयोमानाने ते गढूळ होत जाते, तोच मोतीबिंदू. मधुमेह, विडी-तंबाखू, डोळ्याला बसलेला मार, स्टेरॉइडची औषधे फार दिवस घेणे, यांमुळे तो लवकरही येतो.

नजर धुरकट होते, रंग फिके दिसतात, रात्री समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा दिवा डोळ्यांत पसरतो. काहींना मध्येच चष्म्याशिवाय जवळचे वाचता येऊ लागते. घरचे म्हणतात, "आजोबांची नजर परत आली!" पण हा आनंद थोड्या दिवसांचा. थेंब, सुरमा, मध किंवा झाडपाल्याचा रस यांनी मोतीबिंदू जात नाही. त्याला ऑपरेशन हाच उपाय.

"पिकू द्या" हे आले कुठून?

एके काळी हा सल्ला बरोबर होता. तेव्हा मोठी चीर देऊन सगळे भिंग बाहेर काढीत. रोग्याला कित्येक दिवस हालचाल न करता पडून राहावे लागे आणि पुढे जन्मभर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. त्यामुळे अगदी दिसेनासे झाल्यावरच माणूस तयार होई.

पुढे काळ बदलला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे शिरले. ते डोळ्याला फारसे बाधत नाहीत, हे लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिले आणि १९४९ साली तशाच पदार्थाचे पहिले कृत्रिम भिंग डोळ्यात बसविले. १९६७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून लहान छिद्रातून ओढून घेण्याची रीत काढली. तीच आजची फेको.

आज पिकवत बसण्यात फायदा नाही, उलट तोटाच आहे. जादा दिवस उभ्या राहिलेल्या उसाचे वजन घटते, तसे इथेही. भिंग टणक होते आणि ऑपरेशन अवघड जाते. ते फुगले किंवा पाझरले तर डोळ्यातील दाब वाढतो, डोळा ठणकतो आणि नजर कायमची जाऊ शकते. रोजच्या कामात अडचण येऊ लागली, की वेळ झाली समजावे. "थंडीतच करावे" हेही आता खरे नाही. कोणत्याही महिन्यात ऑपरेशन होते.

कोणते ऑपरेशन?

फेकोत चीर सुमारे ३ मिलिमीटरची असते आणि घडी घालून आत सोडलेले भिंग तिथेच उघडते. दुसऱ्या पद्धतीत चीर ६ ते ७ मिलिमीटरची असते, बहुधा टाके पडत नाहीत, खर्च कमी. फार टणक झालेल्या मोतीबिंदूला पुष्कळ डॉक्टर हीच पद्धत निवडतात. फेकोत डोळा थोडा लवकर सावरतो, चष्म्याची गरजही कमी राहते. पण चांगल्या हाताने केली तर दोन्हींत नजर चांगली येते.

भिंगांत साधे भिंग दूरचे स्वच्छ दाखविते, वाचायला चष्मा लागतो. शेतकऱ्याला ते पुरते. तिरपा नंबर जास्त असेल तर त्यासाठी वेगळे भिंग मिळते. जवळ-दूर दोन्ही दाखविणारे भिंग महाग असते आणि काहींना रात्री दिव्याभोवती कडी दिसतात. केवळ महाग म्हणून भारी, असे समजू नका. उसाचे सगळे बिल त्यात घालण्याआधी डॉक्टरांना विचारा, "माझ्या कामाला कोणते लागते?"

कोठे जावे?

विष्णुपुरी (नांदेड) आणि लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. उदगीरला उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालय आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू असून त्याखाली सरकारी दवाखान्यांत भिंगासह ऑपरेशन मोफत होते. लाखाहून अधिक मोतीबिंदू काढणारे आणि २००८ साली पद्मश्री मिळालेले डॉ. तात्याराव लहाने हे रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे, आपल्याच मातीतले. आपल्या भागात या ऑपरेशनला परके मानण्याचे कारण नाही.

जाण्याआधी साखर आणि रक्तदाब तपासा. लघवीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. ऑपरेशननंतर थेंब वेळेवर घाला, डोळा चोळू नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाचट, धूळ, चुलीचा धूर आणि डोक्यावरून पाणी टाळा. डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसले तर घाबरू नका. भिंगामागचा पापुद्रा गढूळ झाला असेल तर तो लेसरने मोकळा करता येतो.

शेवटी एवढेच. काट्यावरची पावती स्वतः वाचता न येणारा सभासद दुसऱ्याच्या डोळ्यांनी हिशेब करतो. रात्री लाईट आली की बांधावरून मोटार चालू करायला जाणाऱ्याला पायाखालचे जनावर दिसले पाहिजे. आणि घरातल्या आईचा डोळा सर्वांत शेवटी दाखविला जातो, हेही आपण जाणतोच. ती बोलत नाही, चाचपडत भाकरी थापते. यंदा पहिला नंबर तिचा लावा.