लहान टाकीत कोणते मासे वाढवावेत?

शाळेत मत्स्यटाकी आणायचे ठरले की पहिली चर्चा टाकीच्या मापाची होते, दुसरी पंपाची, आणि माशांचा विचार अगदी शेवटी, दुकानात उभे राहिल्यावर होतो. खरे तर क्रम उलटा हवा. आधी आपल्या गावचे पाणी, मग मासा, आणि मग टाकी.

हे शहाणपण आम्हाला उशिरा आले. काही वर्षांपूर्वी जळगावातील एका शाळेत आम्ही मुलांबरोबर दोन फुटी टाकी मांडली. फेब्रुवारी महिना होता, हवा छान होती. मुलांच्या आवडीने आम्ही निळ्या-लाल पट्ट्यांचे बारा निऑन टेट्रा, चार गोल्डफिश आणि दोन एंजल घेतले. दुकानदाराने एक करड्या रंगाची, पोट फुगलेली गप्पीची मादी वर फुकट टाकली. तिच्याकडे कोणी पाहिलेही नाही. मेच्या सुट्टीत मासे एकामागून एक मरत गेले. शाळेचे शिपाईमामा रोज मेलेले काढून टाकत आणि थोडे पाणी बदलत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा टाकीत ती करडी मादी होती आणि तिच्याभोवती एकोणीस पिल्ले होती.

सातवीतल्या एका मुलीने लगेच विचारले, "सर, नर तर एकही नव्हता. मग पिल्ले कुठून आली?" या प्रश्नाकडे आपण पुढे येऊ. आधी बाकीचे मासे का मेले ते पाहू.

खानदेशातील विहिरी आणि कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. साबणाला फेस येत नाही, कूलरच्या गवताच्या जाळीवर एका उन्हाळ्यात पांढरा थर बसतो. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा. असे पाणी सहसा किंचित अल्कधर्मी असते, म्हणजे त्याचा सामू ७ पेक्षा जास्त असतो. निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथले जंगलातले ओढे पालापाचोळ्याने तपकिरी झालेले, मृदू आणि आम्लधर्मी. जड पाण्यात तो काही महिने तग धरतो, पण त्याची अंडी नीट फळत नाहीत. घरी पैदास करायची असेल तर खानदेशात हा मासा पहिल्या यादीतून वगळावा हे बरे.

दुसरी गोष्ट उन्हाची. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो हे वाचकांना सांगायला नको. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, आणि ३५ अंशांना सात मिलिग्रॅमपेक्षा थोडा कमी. उलट माशाचे शरीर मात्र गरम पाण्यात जास्त वेगाने चालते, त्याला प्राणवायू जास्त लागतो. त्यातच दुपारी वीज गेली आणि पंप बंद पडला, की गोल्डफिशसारखा थंड पाण्याचा, भरपूर खाणारा आणि भरपूर घाण करणारा मासा सर्वात आधी वर येऊन तोंड उघडू लागतो.

तिसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या उत्सर्गातून आणि कुजलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो पाण्यात दोन रूपांत असतो. एक रूप बरेचसे निरुपद्रवी, दुसरे विषारी. सामू ७ आणि तापमान २५ अंश असताना विषारी रूप दोनशे भागांत जेमतेम एक असते. सामू ८ आणि तापमान ३० अंश झाले की तेच शंभरात सात होते. म्हणजे तेवढीच घाण पुण्याच्या मृदू पाण्यात चालून जाईल आणि जळगावच्या पाण्यात मासा मारील. म्हणून आपल्याकडे मासे कमी ठेवावेत, खाद्य त्याहून कमी टाकावे, आणि नव्या टाकीत पहिले महिनाभर एक-दोनच मासे सोडावेत. तेवढ्या काळात अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत व गाळणीत वस्तीला येतात.

उष्णतेवर एक उपाय मात्र आपल्या माठानेच शिकवला आहे. टाकीवरचे काचेचे झाकण काढून तिथे जाळी ठेवावी आणि समोर लहान पंखा लावावा. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत २५ सेंटिमीटरपर्यंत पाणी भरले तर ते ४५ लिटर होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ही सगळी उष्णता टाकीतल्या पाण्यातूनच गेली असे धरले तर ते जवळजवळ १३ अंशांनी थंड व्हायला हवे. प्रत्यक्षात खोलीतील उष्णता सतत आत येत राहते, त्यामुळे तीन-चार अंशांचाच फरक पडतो. पण ३५ आणि ३१ यांत माशाच्या जिवाचा फरक आहे. हे गणित नववीच्या वर्गात जरूर करून घ्यावे. एक सावधगिरी हवी: वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. रोज नुसती भर घालत गेलो तर पाणी दिवसेंदिवस अधिक जड होते. म्हणून आठवड्याला पाव भाग जुने पाणी काढून नवे घालावे. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले की त्यातील क्लोरीन बहुतेक उडून जातो.

आता त्या मुलीचा प्रश्न. गप्पी अंडी घालत नाही, थेट पोहती पिल्ले देते. नराच्या पोटाखालचा एक पर नळीसारखा लांबट झालेला असतो. त्यातून तो शुक्रपेशी मादीच्या शरीरात सोडतो. मादी त्या साठवून ठेवते आणि एकदाच्या मीलनावर कित्येक महिने, साधारण चार-चार आठवड्यांनी, विणी देत राहते. आमची मादी दुकानातूनच शिदोरी घेऊन आली होती.

जड, अल्कधर्मी पाणी गप्पीला मानवते. उष्णता ती पुष्कळ सोसते. नर दोन-तीन सेंटिमीटरचा, रंगीत. मादी त्याच्या दुप्पट, फिकी. ४५ लिटरच्या टाकीत दोन नर आणि चार माद्या पुरेत. नर जास्त झाले तर ते माद्यांना विसावा घेऊ देत नाहीत. मादीच्या शेपटीकडील पोटावरचा काळा डाग गडद आणि मोठा झाला की वीण जवळ आली समजावे. आई स्वतःचीच पिल्ले खाते, म्हणून हायड्रिलासारखी दाट पाणवनस्पती हवी. ओढ्याकालव्यातून आणल्यास ती पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून मग धुऊन घ्यावी, नाहीतर तिच्याबरोबर जळवा आणि गोगलगाई येतात. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून गाळून, चिमटीएवढाच द्यावा.

धुळ्याच्या शिक्षकांना मात्र एक वेगळी सूचना. डिसेंबर-जानेवारीत तिथे पारा कधीकधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. गप्पीला उन्हाळ्यापेक्षा ही थंडी जड जाते; तिला हीटर लागेल किंवा टाकी आतल्या खोलीत न्यावी लागेल.

गप्पी स्वस्त म्हणून लोक तिला कमी लेखतात. विज्ञानाच्या शिक्षकाने तसे करू नये. या माशाचे शास्त्रीय वर्णन पीटर्स यांनी १८५९ मध्ये व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून केले. नाव पडले ते त्रिनिदादहून १८६६ मध्ये लंडनला नमुने पाठवणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरून. १९२० मध्ये डेन्मार्कच्या श्मिट यांनी दाखवले की नराच्या पाठीच्या परावरचा काळा ठिपका बापाकडून सगळ्या मुलग्यांत उतरतो, मुलींत कधीच दिसत नाही. वाय गुणसूत्रावरून जाणाऱ्या गुणाच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक. १९७६ मध्ये जॉन एंडलर यांनी त्रिनिदादमध्ये शिकारी माशांच्या ओढ्यातले फिके गप्पी उचलून शिकारी नसलेल्या ओढ्यात सोडले. दोन वर्षांतच तिथले नर अधिक रंगीत झालेले आढळले. फिकेपणाचा फायदा संपला होता आणि माद्यांना रंगीत नर आवडत होते. नैसर्गिक निवड म्हणजे लाखो वर्षांची गोष्ट असे मुलांना वाटते, त्यांना हे जरूर सांगावे.

असा प्रयोग आपणही करू शकतो, पण शुक्रपेशी साठवणाऱ्या मादीमुळे फसगत होते. बाप कोण हे नक्की हवे असेल तर पिल्ले तीन-चार आठवड्यांची होताच, नराचा पर लांबट होऊ लागण्यापूर्वी, माद्या वेगळ्या कराव्यात. मग एकच नर सोडावा, त्याचे चित्र काढून ठेवावे आणि मुलग्यांशी ताडून पाहावे. सगळेच रंग वाय गुणसूत्रावरून जात नाहीत, त्यामुळे काही गुण जुळतील, काही नाहीत. कोणते, ते मुलांनी शोधावे.

ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे त्यांनी दुसरी टाकी झेब्रा माशाची ठेवावी. हा आपल्या उपखंडातलाच. हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले. अमेरिकेत ओरेगॉनला स्ट्रायसिंगर यांच्या १९८१ च्या कामानंतर तो जगभरच्या प्रयोगशाळांत गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर संशोधन होते. थंडी तो गप्पीपेक्षा चांगली सोसतो, म्हणून धुळ्याला हाच आधी घ्यावा असे आमचे मत आहे. तो अंडी विखरून टाकतो आणि लगेच खातो. त्यावर युक्ती म्हणजे टाकीच्या तळाशी मुलांच्या काचेच्या गोट्या दोन थर पसरणे. अंडी गोट्यांच्या फटींत पडतात, तोंड तिथे पोहोचत नाही. सकाळी उजेड पडल्यावर तासाभरात अंडी पडतात. ड्रॉपरने काढून बशीत ठेवावीत. पाणी २८ अंशांच्या आसपास असेल तर दुसऱ्या दिवशी पारदर्शक अंड्यात हृदय धडधडताना दिसते. आमच्या वर्गात ते पाहताना पहिल्यांदाच कोणी ढकलाढकली केली नाही.

पंपाशिवाय ठेवायचा असेल तर फायटर. त्याच्या डोक्यात हवेतला प्राणवायू घेणारे खास इंद्रिय असते, त्यामुळे वीज गेल्याची त्याला पर्वा नाही. नर बुडबुड्यांचे घरटे करतो आणि पडलेली अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो. पण दोन नर एकत्र ठेवले तर मारामारी, आणि वीण झाल्यावर मादीही बाहेर काढावी लागते. पहिल्या वर्षी याच्या वाटेला जाऊ नये.

झेब्रा आणि फायटर यांच्या पिल्लांचे तोंड फार बारीक असते. त्यांना सूक्ष्मजीव लागतात. जळगावात ते तयार करणे सोपे आहे. बरणीत टाकीचेच पाणी घेऊन त्यात केळीच्या सालीचा वाळलेला तुकडा टाकून उजेडात ठेवावा. पाणी आधी गढूळ होते, वास येतो, आणि चार-पाच दिवसांनी निवळू लागते. तेव्हा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पॅरामेशियम पळताना दिसले की पिल्लांचे जेवण तयार.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न: वाढलेल्या माशांचे काय करायचे? चार माद्यांनी महिन्याला पंचवीस-पंचवीस पिल्ले दिली तर शंभर होतात. मुलांना दया येते आणि ती म्हणतात, मेहरूण तलावात सोडू, नकाण्याच्या तलावात सोडू, गिरणेत सोडू. हे कदापि करू नये. १९५२ मध्ये भारतात आणलेली तिलापिया आज अनेक तलावांत स्थानिक माशांना पुरून उरली आहे. डास खाण्यासाठी १९२८ च्या सुमारास आणलेली गॅम्बुसिया जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आहे. गप्पीही परकीच.

तिची जागा बंद पाण्यात आहे. नळाला रोज पाणी येत नाही तिथे घरोघर हौद आणि टाक्या भरून ठेवलेल्या असतात, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला नेमके असलेच स्वच्छ साठलेले पाणी हवे असते. आरोग्य खाते म्हणूनच हौदांत गप्पी सोडते. जास्तीचे मासे जिल्हा हिवताप कार्यालयाला किंवा पालिकेच्या मलेरिया विभागाला विचारून द्यावेत, किंवा मुलांनीच घरच्या हौदात सोडावेत. मात्र तो हौद नाल्याला जोडलेला नसावा. कूलरची टाकी आणि पिंप यांना मासे नकोत. ती आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करावीत.

सोडण्यापूर्वी एक मोजणी करून घ्यावी. काचेच्या बरणीत एक उपाशी मादी आणि कूलरमधून गाळून आणलेल्या पन्नास अळ्या ठेवाव्यात, वर जाळी बांधावी आणि दर पंधरा मिनिटांनी उरलेल्या अळ्या मोजाव्यात. दुसऱ्या बरणीत नर ठेवावा. तिसऱ्या बरणीत मादीच, पण पाण्यात भरपूर हायड्रिला घातलेले. तिन्ही बरण्यांचे आकडे वेगळे येतात. गवत वाढलेल्या डबक्यात गप्पी का कमी पडते, ते तिसऱ्या बरणीवरून मुलांच्या लक्षात येते.