खुल्या विद्येचे सामर्थ्य

हलवायाच्या दुकानातून आणलेला लाडू कितीही चाखून पाहिला, तरी त्याचा पाक एकतारी होता की दोनतारी, हे खाणाऱ्यास सहसा सांगता येत नाही. ती कृती हलवायापाशीच राहते. घरी मात्र आजी आपली कृती सुनेस सांगते, सून ती शेजारणीस सांगते. कोणी वेलदोडा अधिक घालते, कोणी साखर उणी करते, आणि मूळची कृती हातोहाती सुधारत जाते. संगणकाच्या जगातही या दोन्ही रीती आढळतात.

संगणक जे जे काम करतो, ते मनुष्याने लिहून दिलेल्या आज्ञांप्रमाणे करतो. या आज्ञा प्रथम मनुष्यास वाचता येईल अशा रूपात लिहितात. तिला मूळ आज्ञावली म्हणतात. नंतर तिचे रूपांतर केवळ यंत्रास उमजणाऱ्या अंकांत होते. हे रूपांतर तेवढे ग्राहकास द्यावे आणि मूळ आज्ञावली कुलपात ठेवावी, ही एक रीत होय. मूळ आज्ञावलीच सर्वांपुढे ठेवून ती वाचण्याची, बदलण्याची व इतरांस देण्याची मुभा असावी, ही दुसरी. या दुसऱ्या रीतीस ‘ओपन सोर्स’ म्हणजे ‘मुक्त स्रोत’ म्हणतात. या दोन रीतींचा सामना कसा झाला, हे ब्राउझरच्या इतिहासावरून चांगले समजते.

ब्राउझर म्हणजे आंतरजालावरील पृष्ठे दाखविणारे साधन. मराठीत त्यास कोणी ‘न्याहाळक’ असेही म्हणतात. तो दूरच्या संगणकाकडे पृष्ठाची मागणी करतो, आलेला मजकूर व त्यातील खुणा वाचतो आणि त्यांनुसार अक्षरे व चित्रे पडद्यावर मांडतो. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत तयार केला. १९९३ च्या एप्रिल महिन्यात सर्नने हे तंत्र कोणतेही मूल्य न घेता सर्व जगास खुले केले. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘मोझेक’ हा ब्राउझर निघाला. त्यात मजकुराच्या जोडीनेच चित्रे दिसत. त्यामुळे सामान्य लोकही आंतरजालाकडे ओढले गेले.

मोझेकच्या कर्त्यांपैकी मार्क अँड्रीसन यांनी पुढे ‘नेटस्केप’ ही कंपनी स्थापण्यात भाग घेतला. १९९४ च्या अखेरीस आलेला तिचा ब्राउझर थोड्याच काळात सर्वत्र पसरला. परंतु १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ काढला व पुढे तो आपल्या विंडोज प्रणालीबरोबरच विनामूल्य दिला. जे संगणकासोबत आपोआप येते, ते सोडून दुसरे शोधण्याचे श्रम कोण घेणार? नेटस्केपचे ग्राहक झपाट्याने घटू लागले.

तेव्हा नेटस्केपने एक धाडसी निर्णय घेतला. व्यापारी कंपनी जे गुपित प्राणपणाने जपते, ती मूळ आज्ञावलीच तिने ३१ मार्च १९९८ रोजी जगापुढे ठेवली. जगभरातील जाणत्यांनी ती वाचावी आणि सुधारावी, असा तिचा हेतू होता. या कार्यास ‘मोझिला’ हे नाव मिळाले. त्याचे फळ मात्र लगेच हाती आले नाही. जुनी रचना इतकी गुंतागुंतीची होती की, तिचा बराचसा भाग नव्याने लिहावा लागला. या काळात इंटरनेट एक्स्प्लोररने दहांपैकी नऊहून अधिक वापरकर्ते आपल्याकडे ओढले. प्रतिस्पर्धी उरला नाही, तेव्हा सुधारणेची निकडही उरली नाही. २००१ मध्ये त्याची सहावी आवृत्ती निघाली, आणि सातवीसाठी लोकांना २००६ पर्यंत थांबावे लागले.

अखेर ९ नोव्हेंबर २००४ रोजी मोझिलाचा ‘फायरफॉक्स’ प्रसिद्ध झाला. एकाच चौकटीत अनेक पृष्ठे उघडण्याची आणि आगंतुक जाहिराती रोखण्याची सोय त्यात होती. पगारी कारागिरांबरोबर अनेक स्वयंसेवकांनी त्यासाठी आपला वेळ दिला. कोणी दोष शोधले, कोणी ते दुरुस्त केले, कोणी त्यातील शब्द आपल्या भाषेत आणले. फायरफॉक्स मराठीतही वापरता येतो, तो अशाच परिश्रमांमुळे. स्पर्धा पुन्हा जिवंत झाली आणि तिचा लाभ सर्वच वापरकर्त्यांना मिळाला.

पुढे गूगलने २००८ मध्ये ‘क्रोम’ काढला. त्याचा पाया असलेली ‘क्रोमियम’ ही आज्ञावली मुक्त स्रोताची आहे. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये आपला ‘एज’ हा ब्राउझर याच पायावर उभा केला आणि २०२२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररला निरोप दिला. एके काळी ज्या कंपनीच्या बंदिस्त ब्राउझरने सारे क्षेत्र व्यापले होते, तिलाच शेवटी प्रतिस्पर्ध्याची खुली आज्ञावली उपयोगी पडली!

तथापि दार उघडे ठेवले म्हणजे सारे काम झाले, असे नाही. आंतरजालावरील गुप्त व्यवहारांचे रक्षण करणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या खुल्या आज्ञावलीत २०१२ मध्ये एक गंभीर दोष शिरला आणि २०१४ पर्यंत तो कोणाच्या ध्यानात आला नाही. तिचा उपयोग असंख्य संस्था करीत होत्या. पण तिची निगा राखणारे मोजकेच होते. गावची विहीर सर्वांची असते. परंतु तिचा गाळ काढण्यास कोणीच उतरले नाही, तर तिचे पाणी दूषित होते. शिवाय आज बहुतेक ब्राउझर एकाच क्रोमियमच्या पायावर उभे आहेत. पाया खुला असला, तरी त्याची दिशा मुख्यतः एकच कंपनी ठरवू लागली, तर जुनी मक्तेदारी नव्या रूपाने परत येऊ शकते.

विद्या दिल्याने वाढते, असे आपल्याकडे पूर्वापार मानतात. आज्ञावली हीदेखील एक विद्याच आहे. ती खुली ठेवणाऱ्याचे औदार्य मोठे खरे. पण ती वाचणारे, तपासणारे आणि तिच्यात स्वतःची भर घालणारे लोक पुढे आले, तरच ते औदार्य सफळ होते.