बुडाला लागलेली चव

"बुडाला लागलं!" स्वयंपाकघरातून हे शब्द आले की घरात सगळ्यांचा चेहरा पडतो. दूध असो, खिचडी असो की शिरा. धावत जाऊन गॅस बंद करायचा, वरचं वर अलगद दुसऱ्या भांड्यात काढायचं आणि तळात पाणी ओतून ते मोरीत ठेवून द्यायचं. कोंबडी करताना मात्र मी गेली काही वर्षं तिला मुद्दाम बुडाला लागू देतो. तळाशी धरलेला तो तांबूस थर खरवडून त्याचाच सॉस करतो. कढई एकच, वेळ पाऊण तास. आणि या पाऊण तासात रसायनशास्त्राचं जे काही घडतं, ते मला प्रयोगशाळेत पाहिलेल्या कितीतरी गोष्टींपेक्षा देखणं वाटतं.

साहित्य अगदी साधं. कोंबडीचे चार लेग पीस, मीठ, मिरपूड, एक मोठा कांदा, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, दोन पिकलेले टोमॅटो, लिंबू, थोडं लोणी. जाड बुडाची, पसरट, स्टीलची कढई. शक्य असेल तर दुकानदाराला कातडी ठेवायला सांगावी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कोंबडी सोलूनच मिळते. पण कातडीत वजनाच्या जवळपास एक तृतीयांश चरबी असते आणि ती वितळली की वेगळं तेल जवळजवळ लागतच नाही. सोललेली असेल तर दोन चमचे तेल जास्त घालावं, बाकी सगळं तसंच.

सुरुवात मात्र कोंबडीपासून न करता लोण्यापासून करतो, कारण यातलं मुख्य विज्ञान घरोघरी लोणी कढवताना आपण ऐकलेलं असतं. लोणी गॅसवर ठेवलं की ते तडतडतं, फेसाळतं, बराच वेळ पिवळंच राहतं. मग कधीतरी आवाज मंदावतो आणि त्यानंतर मिनिटा-दोन मिनिटांत तळाची बेरी बदामी होते, घरभर खमंग वास सुटतो. तो आवाज पाण्याचा. लोण्यात जोवर पाणी आहे तोवर तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच अडून राहतं, कारण शेगडीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत असते. पाणी संपलं की तापमान झपाट्याने चढतं आणि दुधातली प्रथिनं व साखर एकमेकांशी भिडून बेरी तयार होते. साखर घालून ती बेरी खाल्लेल्या कुणालाही भाजलेल्या कोंबडीची चव वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दोन्ही ठिकाणी एकाच जातीच्या रासायनिक क्रिया घडतात.

आता हाच हिशेब कोंबडीला लावू. तिच्या मांसात ७० टक्क्यांहून अधिक पाणी असतं. शाळेत पाठ केलेला आकडा इथे उपयोगी पडतो: एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला ७० कॅलरी उष्णता पुरते, पण त्याच उकळत्या एका ग्रॅमची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. मांस तांबूस होण्याची क्रिया जोमाने सुरू होते ती १४० अंशांच्या आसपास. म्हणजे कातडीवर पाण्याचा पातळ थर जरी राहिला, तरी आधी त्याची वाफ होईपर्यंत कढईची सगळी ताकद तिथेच खर्ची पडते. मांस शिजतं, पण पांढरंफटक राहतं. कोंबडी कोरडी करण्याला म्हणूनच इतकं महत्त्व. स्वच्छ कपड्याने किंवा कागदी रुमालाने दाबून दाबून टिपायची; कपडा वापरलात तर तो लगेच धुवायला टाकायचा.

धुण्याबद्दलही इथेच सांगतो. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१४मध्ये लोकांना आवाहन केलं होतं की कच्ची कोंबडी धुऊच नका. नळाखाली उडणाऱ्या तुषारांबरोबर कँपिलोबॅक्टर जिवाणू ओट्यावर, भांड्यांवर, कोशिंबिरीच्या काकडीवर जाऊन बसतात. आपल्याकडे समोर कापून मिळणाऱ्या कोंबडीला रक्ताच्या गाठी, पिसांचे बारीक खुंट असतात; ती न धुता शिजवणं बहुतेकांना पटणार नाही, मलाही पटत नाही. मग निदान नळाच्या धारेखाली धरू नये. खोल पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुवावी, पाणी सावकाश ओतून द्यावं आणि मोरी, ओटा, हात साबणाने धुवावेत.

मिठाचं वेळापत्रकही पाण्याशीच बांधलेलं आहे. मीठ चोळलं की पहिल्या अर्ध्या तासात मांसातलं पाणी बाहेर येतं आणि पृष्ठभाग ओलाचिंब होतो. काही तास तसंच ठेवलं तर ते खारं पाणी पुन्हा आत मुरतं, मांसातली प्रथिनं सैलावतात आणि शिजताना ती पाणी अधिक धरून ठेवतात. तेव्हा मीठ एकतर कढईत टाकायच्या क्षणी लावावं, नाहीतर आदल्या रात्री लावून कोंबडी फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावी. अर्ध्या तासापूर्वी लावणं या कामासाठी सर्वांत वाईट. दही आणि आलं-लसणाचं वाटण लावून मुरवायची आपली पद्धत रश्श्यासाठी उत्तम आहे, पण इथे ती आड येते: पृष्ठभाग ओला होतो, दह्याच्या आंबटपणाने तांबूस होण्याची क्रिया मंदावते आणि वाटणातला लसूण मांसाच्या आधी करपतो.

कढई तापली, चमचाभर तेल पसरलं, त्यावर तरंग उमटू लागले की लेग पीस कातडीची बाजू खाली करून ठेवायचे. दोन तुकड्यांत बोटभर अंतर हवं. हे अंतर मी सुरुवातीला पाळत नसे. सहा माणसांसाठी एकदम आठ तुकडे कोंबले होते, तेव्हा दोन मिनिटांत चर्र आवाज बंद पडून खदखद सुरू झाली. तुकड्यांमधून सुटलेल्या वाफेला वाट नव्हती. तिचं पाणी झालं आणि कोंबडी स्वतःच्याच पाण्यात उकडली. कमी पडत असेल तर दोन खेपा कराव्यात.

पहिल्या मिनिटाला उलथनं घालून पाहिलंत तर तुकडा कढईला घट्ट चिकटलेला दिसेल. ओढायचा नाही. कच्च्या मांसातली प्रथिनं तापताना उलगडतात आणि धातूच्या पृष्ठभागाशी बंध जोडतात. सात-आठ मिनिटांनी कातडीवर कोरडा, कडक पापुद्रा धरला की हे बंध सुटतात आणि तुकडा आपणहून मोकळा होतो. सगळं मात्र सुटत नाही. मांसातून झिरपलेल्या रसातलं पाणी उडून गेलेलं असतं आणि त्यातली प्रथिनं, साखर, क्षार तळाला तांबड्या पुटासारखी धरून राहतात. आपल्या सॉसचं भांडवल ते हेच.

या भाजण्याविषयी एक गैरसमज पावणेदोनशे वर्षं टिकून आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७च्या सुमारास मांडलं की मांस आधी तीव्र आचेवर भाजलं की त्याची रंध्रं बंद होतात आणि रस आत कोंडला जातो. लीबिग मोठे शास्त्रज्ञ, त्यामुळे आचाऱ्यांनी ते मान्य केलं, पाकपुस्तकांनी उचललं, आजही ते ऐकू येतं. पण चर्र आवाज येतोय म्हणजेच रस बाहेर पडून त्याची वाफ होतेय. भाजलेलं मांस वजन करून पाहिलं तर न भाजलेल्यापेक्षा ते जास्त पाणी राखतं असं दिसत नाही. भाजायचं ते चवीसाठी.

आणि ही चव येते कुठून, याचा पहिला धागा सापडला तो भलत्याच शोधात. लुई कामिय मायार या फ्रेंच संशोधकाला शरीरात प्रथिनं कशी बनतात हे समजून घ्यायचं होतं. अमिनो आम्ल आणि ग्लुकोज एकत्र तापवल्यावर मिश्रण तपकिरी होतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे निरीक्षण त्यांनी १९१२मध्ये प्रसिद्ध केलं. स्वयंपाकाशी त्याचा संबंध लागायला बराच काळ गेला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी साठवलेली अंड्याची भुकटी तपकिरी पडून बेचव होऊ लागली, तेव्हा या क्रियेकडे गंभीरपणे पाहिलं गेलं. १९५३मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले रसायनशास्त्रज्ञ जॉन हॉज यांनी तिचे टप्पे सुसंगत मांडले आणि आजही अन्नरसायनाचे अभ्यासक त्याच आराखड्यापासून सुरुवात करतात. एका साखरेची आणि एका अमिनो आम्लाची गाठ पडते, त्यातून अस्थिर रेणू तयार होतात, ते तुटतात, पुन्हा जुळतात आणि शेवटी शेकडो सुगंधी संयुगं जन्माला येतात. भाजलेले शेंगदाणे, तव्यावरून उतरलेली भाकरी, कॉफी, बेरी यांच्या वासात त्यांतली कितीतरी सारखी असतात. कोंबडीचा वास कोंबडीचाच का येतो, याचं उत्तर बऱ्याच अंशी तिच्या चरबीत आहे. त्या चरबीतलं लिनोलेइक आम्ल तापून, ऑक्सिजनशी संयोग पावून डेकाडायनाल नावाचं संयुग बनतं. तळलेल्या कोंबडीचा जो वास जिन्यापर्यंत येतो, त्यात याचा वाटा मोठा आहे.

नॉन-स्टिक भांड्याची अडचण इथे कळते. त्यावरचं टेफ्लॉन कशालाच चिकटू देत नाही, म्हणून तळाला पूटही नीट धरत नाही. धिरड्याला ते छान. या सॉसला निरुपयोगी. शिवाय २६० अंशांच्या पुढे तो थर विघटित होऊ लागतो, त्यामुळे रिकामं भांडं मोठ्या आचेवर तापवणंही धोक्याचं. बिडाच्या कढईत भाजणं उत्कृष्ट होतं, पण टोमॅटोच्या आंबटाने तिचा तेल मुरवून धरलेला काळा थर निघतो आणि सॉसला लोखंडाची चव येते. स्टील बरं.

तुकडे दोन्ही बाजूंनी भाजून ताटात काढले, जास्तीची चरबी वाटीत ओतून ठेवली (दुसऱ्या दिवशी तिच्यावर बटाटे परतावेत), की कढईत तांबडा तळ उरतो. त्याचा रंग नीट पाहून घ्यायचा. काजूच्या सालीसारखा तपकिरी असेल तर पुढे जायचं. काळा असेल तर त्या कडूपणावर कुठलाही उपाय चालत नाही. कढई पुसून घ्यायची आणि सॉस पातळ चवीचा होईल हे मान्य करायचं. आच मंद करून बारीक चिरलेला कांदा टाकायचा. कांद्यात जवळपास ८९ टक्के पाणी असतं. ते सुटलं की पुटाच्या कडा सैल व्हायला लागतात. कांदा पारदर्शक झाला की लसूण, मग टोमॅटो, मग अर्धा कप गरम पाणी, आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडायचा. पाण्याला तांबूस रंग चढताना डोळ्यांनी दिसतो. तपकिरी पुटातले बरेच रेणू पाण्यात विरघळणारे असतात. तेलात ते कितीही वेळ परतले तरी तळालाच बसून राहिले असते.

टोमॅटो इथे केवळ आंबटपणासाठी नाही. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं. १९०८मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री वनस्पतीच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढून त्याच्या चवीला उमामी नाव दिलं. त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना १९१३मध्ये सुक्या माशात दुसरा उमामी पदार्थ सापडला, इनोसिनेट. तो कोंबडीच्या मांसातही असतो. ही दोन्ही एकत्र आली की जिभेला जाणवणारी चव दोघांच्या बेरजेच्या कितीतरी पट वाढते. कोंबडी आणि टोमॅटोची जोडी जगभर इतक्या पाककृतींत का टिकली असावी, याचं एक कारण मला यात दिसतं.

आता तुकडे परत कढईत, कातडी वर आणि सॉसच्या बाहेर राहील असे ठेवायचे. झाकण घालायचं नाही, नाहीतर कष्टाने कुरकुरीत केलेली कातडी वाफेने मऊ पडते. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. छातीचं मांस ७० अंशांच्या पुढे कोरडं पडत जातं, पण तंगडीचं गणित वेगळं. कोंबडी दिवसभर पायांवर उभी असते, त्यामुळे तिथे कोलॅजेनचे चिवट तंतू जास्त. ते ८० अंशांच्या वर सावकाश विरघळून त्यांचं जिलेटिन होतं, मांस हाडापासून सुटायला लागतं आणि विरघळलेलं जिलेटिन सॉसला अंगचा दाटपणा देतं. कॉर्नफ्लोअर नको, काजूची पेस्ट नको. शिजली की नाही हे हाडाजवळच्या रंगावरून ठरवू नये. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते, तिची हाडं सच्छिद्र असल्याने मज्जेतला लाल रंग झिरपून पूर्ण शिजलेलं मांसही गुलाबी दिसू शकतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर हाडाला न टेकवता जाड भागात खुपसावा. ७४ अंश ही सुरक्षिततेची मर्यादा. तंगडीला त्याच्या दहा अंश पुढे नेलं तरच ती खऱ्या अर्थाने मऊ होते.

तुकडे ताटात गेले की शेवटचं काम उरतं. गॅस बंद करायचा, सॉसमध्ये फ्रीजमधल्या थंडगार लोण्याचे दोन-तीन खडे टाकायचे आणि कढई गोल फिरवत राहायचं. लोणी हळूहळू वितळतं, त्याचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरतात आणि जिलेटिन व दुधातली प्रथिनं त्यांच्याभोवती राहून त्यांना एकत्र येऊ देत नाहीत. सॉस चकचकीत आणि लपथपीत होतो. पुन्हा उकळी आली तर हे थेंब एकमेकांना मिळतात आणि तेल वर तरंगतं. फ्रेंच आचारी याला बिघडलेला सॉस म्हणेल. आपण मात्र मसाल्याला तेल सुटायची वाट पाहतो, मिसळीवरची तर्री आवर्जून मागून घेतो, आणि त्यालाही भक्कम कारण आहे. मिरचीचा लाल रंग, हळदीचा पिवळा आणि गरम मसाल्यातले बहुतेक सुगंध तेलात विरघळतात. मसाला ज्या स्वयंपाकाचा प्राण आहे, तिथे तेल दिसायलाच हवं. या कोंबडीत मसाला जवळजवळ नाही. इथली चव पाण्यात उतरलेली आहे, म्हणून तेल पाण्यातच विरवून टाकायचं. वर लिंबू पिळायचं, कोथिंबीर भुरभुरायची. कढईचा तळ एव्हाना घासल्यासारखा लख्ख झालेला असतो.

पावाबरोबर, भाताबरोबर किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर, कशाशीही जमते. सॉस मुद्दाम थोडा उरवून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी झाकण उघडल्यावर तो जेलीसारखा थरथरताना दिसेल. तंगड्यांतलं ते जिलेटिन. ते शरीराच्या तापमानाच्या जरा खालीच वितळतं, त्यामुळे गरम टोस्टवर चमचाभर ठेवलं की तोंडात जाईपर्यंत त्याचा पुन्हा सॉस झालेला असतो.