अकरा लाद्यांची जोड

येवल्यात मागाच्या आवाजात वाढलेल्या माणसाला रंगाची जोड किती अवघड, हे सांगावं लागत नाही. एकदा रंगवलेलं रेशीम संपलं की दुसऱ्या खेपेचं तंतोतंत तसंच उतरेल याची खात्री नसते. पैठणीत फरक पडला तर तो पदरावर लगेच दिसतो. आमच्या माजघरात नळ टाकताना नक्षीच्या अकरा लाद्या फुटल्या, तेव्हा मला हेच आठवलं. गवंड्याने सल्ला दिला, "सगळी काढा, नवीन टाईल्स टाका." आजोबांच्या वेळची फरशी अकरा लाद्यांसाठी उखडायला माझं मन तयार झालं नाही.

ही लादी भट्टीत भाजलेली नसते. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या, मिंटन या इंग्रज कंपनीच्या टाईल्स मातीच्या, भाजलेल्या. आपल्या जुन्या घरांतली नक्षीची लादी सिमेंटची असते. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये सुरू झाली. लोखंडी चौकटीत नक्षीच्या आकाराचा धातूचा साचा बसवतात. त्याच्या प्रत्येक खणात पांढरं सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग यांचा पातळ कालवलेला लगदा ओततात. मग साचा अलगद उचलायचा! हात जरा हलला की काळा रंग पिवळ्यात शिरतो. वर कोरडं सिमेंट-वाळू, त्यावर जाड थर, आणि शेवटी दाबयंत्राचा जोर. नंतर लादी पाण्यात मुरते. रंगीत थर दोन-चार मिलिमीटरचाच असतो, पण त्यातला रंग आरपार असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालूनही नक्षी टिकते.

आपल्याकडे या लादीला स्वदेशीचं बळ मिळालं. फेरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी १९२२ साली 'भारत टाईल्स' सुरू केली, उरणला. परदेशी टाईल्सच्या तोडीचा माल इथेच व्हावा, हा त्यामागचा हट्ट होता. त्यांना या वाटेला लावण्यात पुढे कराचीचे महापौर झालेले जमशेद मेहता यांचा हात होता. पुढे मोझॅक आलं, नंतर चकचकीत टाईल्स, आणि नक्षीची लादी मागे पडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच कंपनीने जुन्या नक्ष्या पुन्हा काढायला घेतल्या. मला या घराण्याविषयी मनापासून आदर आहे. जुनी वास्तू दुरुस्त करायची तर ते काम जाणणारे हात कुठेतरी जिवंत असावे लागतात.

जोड शोधताना पहिली अडचण मापाची निघते. जुनी लादी आठ इंची, म्हणजे २०३ मिलिमीटर. नवी बहुधा २०० ची. दहा लाद्यांत तीन सेंटिमीटरचा फरक पडतो आणि नक्षीची रेघ चुकत जाते. म्हणून अखंड जुनी लादी नमुना म्हणून न्यायची, फोटो नव्हे. जाडीही मोजायची. मग रंग: लोहाचे लाल-पिवळे रंग टिकाऊ असतात, तरी शंभर वर्षांच्या पावलांनी आणि पुसण्याने जो मऊपणा येतो, तो नव्या लादीला कसा येणार? आणि तो आणण्यासाठी ॲसिडने घासायचं तर मुळीच नाही. ॲसिड सिमेंटच खातं.

यावर जुनी, साधी युक्ती आहे. दडलेल्या जागेतल्या लाद्या उचलून उघड्यावर लावायच्या आणि नव्या दडलेल्या जागी. चुन्यात बसवलेली लादी पातळ पटाशीने कडेकडेने, सबुरीने सोडवली तर बरेचदा अखंड निघते. सिमेंटात बसवलेली मात्र फुटते. आमची चुन्यात होती. एकेक करून त्या काढायला गवंड्याला दोन दिवस लागले, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच त्या फरशीची माया वाटू लागली. प्रत्येकीच्या मागे तो खडूने आकडा घालत होता.

नव्या अकरा लाद्या आता मोठ्या कपाटाखाली आहेत. कपाटाखालच्या जुन्या अकरा, गेली कित्येक वर्षं कुणाचं पाऊल न पडलेल्या, दारातून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या वाटेवर आहेत. शेजारणींपेक्षा त्या थोड्या गडद दिसतात.